भुताचा पंचनामा करणारे गुप्तहेर

लंडनमध्ये थेम्स नदीला लागून चेनी वॉक नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका घरातून अधूनमधून चार मित्रांना पोस्टकार्ड जातं: जेवायला या. चौघे येतात. जेवताना यजमान कामाचं अक्षरही काढत नाही. जेवण उरकलं की तो आरामखुर्चीत बसतो, पाइप शिलगावतो आणि नुकताच कुठल्या घरात काय पाहून आला ते सांगू लागतो. गोष्ट संपते, शंकाकुशंका विचारून होतात. मग तो ठरलेल्या शब्दांत सगळ्यांना बाहेर काढतो आणि चौघे नदीकाठाने आपापल्या घरी जातात. या यजमानाचं नाव थॉमस कार्नॅकी आणि त्याचा व्यवसाय भुताटकीचा तपास करण्याचा. विल्यम होप हॉजसन यांनी त्याच्या कथा १९१० मध्ये ‘द आयडलर’ मासिकात लिहायला सुरुवात केली.

भुताचा माग काढणारे नायक त्याआधी झाले आणि नंतरही झाले. तरी मी कार्नॅकीपासून सुरुवात केली, कारण त्याच्या कथेत शेवटची दोन पानं उरली तरी कळत नाही की भूत खरं निघणार की माणसाचा बनाव. दोन्ही तऱ्हेच्या कथा हॉजसन यांनी लिहिल्या आहेत. ही धाकधूक म्हणजे या साहित्यप्रकाराचा जीव आहे, असं मला मनापासून वाटतं. ती कथेत आली कुठून, हे समजून घ्यायला पन्नास-साठ वर्षं मागे जावं लागतं.

१८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिट्झ-जेम्स ओब्रायन या आयरिश लेखकाची एक कथा छापून आली. हॅरी एस्कॉट नावाच्या माणसाच्या अंगावर रात्री अंधारात काहीतरी पडतं. तो झटापट करून त्याला धरतो, दिवा लावतो, तर हातात धडधडतं अंग आहे पण दिसत काहीच नाही. यापुढे आपल्या ओळखीच्या भूतकथेत माणूस पळाला असता. एस्कॉट आणि त्याचा मित्र त्या अदृश्य प्राण्याला बांधतात, डॉक्टर बोलावून क्लोरोफॉर्म देतात आणि प्लास्टरचा साचा घेऊन त्याचा आकार पाहतात! भुताला आधी मोजून घ्यावं, नोंदवून ठेवावं, ही वृत्ती इथे पहिल्यांदा इतकी ठसठशीत दिसते.

डब्लिनच्या शेरिडन ले फानू यांनी त्या वृत्तीला डॉक्टर दिला. ‘ग्रीन टी’ ही त्यांची कथा १८६९ मध्ये चार्ल्स डिकन्स चालवत असलेल्या साप्ताहिकात आली आणि १८७२ च्या संग्रहात डॉ. मार्टिन हेसेलियस यांच्या कागदपत्रांतलं एक प्रकरण म्हणून बसवली गेली. जेनिंग्ज नावाच्या पाद्र्याला लाल डोळ्यांचं छोटं काळं माकड दिसतं. ते त्याचा पिच्छा सोडत नाही, प्रार्थनेत व्यत्यय आणतं. हेसेलियस या दुखण्याचं मूळ कडक हिरव्या चहाच्या व्यसनात शोधतात. पण नेमके ज्या वेळी ते निवांत विचार करायला, कुणी त्रास देऊ नये अशा जागी जाऊन बसतात, त्याच वेळी पाद्र्याची चिठ्ठी येते. ती त्यांच्या हाती पडेपर्यंत उशीर होतो आणि पाद्री आत्महत्या करतो. डॉक्टरांचं निदान मागे उरतं, रोगी उरत नाही. तपास करणारा हरू शकतो, हे पुढच्या कित्येक लेखकांना झेपलं नाही. ले फानूंना झेपलं होतं.

या काळात कथेबाहेरही हेच चाललं होतं. अमेरिकेत १८४८ मध्ये फॉक्स बहिणींच्या घरातल्या ठकठक आवाजांपासून मृतात्म्यांशी बोलण्याचं वेड सुरू झालं आणि इंग्लंडभर पसरलं. १८८२ मध्ये लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष. या लोकांनी सुमारे १७,००० माणसांना एकच प्रश्न विचारला: पूर्ण जागे असताना, समोर कुणी नसताना, तुम्ही काही पाहिलंत, ऐकलंत, स्पर्श जाणवला? त्यावरचा अहवाल १८९४ मध्ये निघाला. साक्षीदार, तारखा, उलटतपासणी ही पोलीस चौकीतली भाषा इथे भुतांच्या दारात आली.

त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या तपासाची एक वाट मुंबईतून जाते. गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, गिरगावात राहिले आणि सोसायटीचं ठाणं १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला हलेपर्यंत मुंबईतच होतं. अड्यारला एका कपाटात ‘महात्मे’ म्हटल्या जाणाऱ्या गूढ गुरूंची पत्रं आपोआप प्रकटतात, अशी ख्याती झाली. लंडनच्या संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना भारतात पाठवलं (कार्नॅकीच्या लेखकाशी फक्त आडनाव सारखं). ते पोहोचण्याआधीच कपाट नष्ट झालं होतं. मग त्यांनी माणसांना प्रश्न विचारले, भिंती तपासल्या, हस्ताक्षरं ताडून पाहिली आणि १८८५ च्या अहवालात ही फसवणूक असल्याचं लिहिलं. त्याच संस्थेच्या नियतकालिकात १९८६ मध्ये या अहवालाची कडक चिरफाड करणारा लेख छापून आला. म्हणजे ही फाइल शंभर वर्षांनीही बंद झाली नव्हती.

कथेला साचा मिळाला तो मासिकांमुळे. शेरलॉक होम्सच्या कथा १८९१ पासून ‘स्ट्रँड’मध्ये येऊ लागल्या. नायक तोच, पण प्रत्येक अंकात गोष्ट पूर्ण. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉइल यांनी होम्सला मारलं आणि सगळी मासिकं नव्या तपासनिसाच्या शोधात निघाली. त्या पोकळीत १८९८ मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये फ्लॅक्समन लो आला. लिहिणारे मायलेक होते, केट प्रिचर्ड आणि हेस्केथ प्रिचर्ड. कथा ‘खऱ्या’ म्हणून छापल्या गेल्या. फ्लॅक्समन लो याला भेटणारी भुतं खरी असायची. त्याच सुमाराला एल. टी. मीड आणि रॉबर्ट युस्टेस यांचा जॉन बेल मात्र प्रत्येक भुतामागचा माणूस किंवा यंत्र शोधून काढायचा. दोघांचंही वाचताना तिसऱ्या-चौथ्या कथेनंतर मन निश्चिंत होतं, कारण निकाल आधीच माहीत असतो. १९०८ मध्ये ॲल्जरनॉन ब्लॅकवुड यांचा डॉ. जॉन सायलेन्स आला. गद्य सुंदर, पुस्तकाचा खपही चांगला. पण सायलेन्स इतका ज्ञानी आहे की तो खोलीत आला की भीती कमी होते.

कार्नॅकीची भीती कमी होत नाही, तो स्वतःच घाबरलेला असतो. एका कथेत जुन्या वाड्यातल्या खोलीत रोज रात्री पलंगावरची पांघरुणं कुणीतरी कोपऱ्यात भिरकावतं आणि दार धाडकन आपटतं. कार्नॅकी आधी खोली ठोकून पाहतो. खिडक्यांना सील, दारावर आडवे ताणलेले केस, म्हणजे कुणी माणूस आला तर केस तुटेल. मग जमिनीवर वर्तुळ आखतो, पाणी, लसूण, मेणबत्त्या, आणि आत काचेच्या नळ्यांचा पाच टोकांचा तारा, बॅटरीला जोडलेला, फिकट निळा उजेड देणारा. आपल्याकडचा मांत्रिक भस्माचं रिंगण घालतो, तेच इथे विजेवर चालतंय. रात्री एक प्रचंड हात त्या रिंगणाबाहेर धडका देतो. दुसऱ्या रात्री कार्नॅकी त्या खोलीत सापडलेली अंगठी रक्षणासाठी सोबत घेऊन आत बसतो आणि हात त्या अंगठीतूनच, रिंगणाच्या आतून बाहेर येऊ लागतो. मग रिंगण उलटं वापरायचं: तो बाहेर उडी मारतो, हात आत कोंडला जातो, आणि पुढे अंगठी भट्टीत वितळवतो. दुसऱ्या एका कथेत देवळातला खंजीर आपोआप उडून माणसाच्या छातीत घुसतो. तिथे चिलखत घालून काळोखात बसलेल्या कार्नॅकीला शेवटी फोटोंची तुलना करताना खांबातला फरक दिसतो. आत जुनं यांत्रिक तंत्र दडवलेलं असतं.

हॉजसन तरुणपणी जहाजावर होते, नंतर ब्लॅकबर्नला व्यायामशाळा चालवत. १९०२ मध्ये त्यांनी हूदिनीला बेड्यांत असं जखडलं की सुटताना त्या जादूगाराचे हाल झाले. गाठी, कड्या, कुलपं यांची ही समज कार्नॅकीच्या प्रत्येक तपासात दिसते. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ तोफगोळ्याने हॉजसन यांचा जीव घेतला. त्यांच्या हयातीतल्या संग्रहात सहाच कथा होत्या. उरलेल्या तीन घालून अमेरिकेत १९४७ मध्ये नवी आवृत्ती निघाली.

महायुद्धानंतर हा प्रकार अमेरिकेतल्या स्वस्त कागदाच्या मासिकांत गेला. सीबरी क्विन यांनी ‘वीअर्ड टेल्स’मध्ये १९२५ पासून झ्यूल द ग्रांदँच्या नव्वदहून अधिक कथा लिहिल्या. उत्साह भरपूर, धाकधूक थोडी.

आपल्याजवळचं उदाहरण बंगालीतलं आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी व्योमकेश हा गुप्तहेर आणि वरदा हा भूतकथा सांगणारा, असे दोन वेगळे नायक घडवले आणि मुंगेरमध्ये घडणाऱ्या एका कथेत त्यांना समोरासमोर आणलं. एकाचा भुतांवर विश्वास, दुसऱ्याचा पुराव्यावर. हे शरदिंदु १९३८ मध्ये चित्रपटांसाठी मुंबईला आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांचे ‘समर्थ’ या घराण्यातले. लोक अडचण घेऊन येतात, समर्थ चौकशी करतात, जागा पाहतात. फक्त समर्थांकडे साधनेची शक्ती आहे आणि समोरचं अमंगळ खरंच आहे, हे वाचकाला आधीपासून ठाऊक असतं. धारपांची भीती शंकेतून येत नाही, ती अमंगळाच्या ताकदीतून येते.

शंका आपल्याकडे कथेबाहेर राहिली. घरावर दगड पडतात, घडी केलेले कपडे पेट घेतात, जेवणात घाण सापडते: गावोगाव याला भानामती म्हणतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते १९८९ पासून अशा घरांत जात आले आहेत. दगड कुठल्या बाजूने येतात, कपडे पेटतात तेव्हा घरात कोण असतं, कुणाला एकदाही त्रास झालेला नाही, हे ते बघतात. मग घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात. बहुतेक वेळा हे करणारं माणूस घरातलंच असतं, कधी शाळकरी मुलगी, कधी नुकती आलेली सून, मनावर असह्य ताण असलेली आणि तो बोलून दाखवायला दुसरी वाट नसलेली. कार्यकर्ते तिला समजावतात, आणि अंगणात जमलेल्या गावाला तिचं नाव सांगत नाहीत. उद्यापासून दगड पडणार नाहीत, एवढंच सांगून निघतात.