टायरचे वय

मोटारीच्या टायरचे वय त्याच्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. तो गाडीला कधी बसवला किंवा किती किलोमीटर धावला, यावर हे वय ठरत नाही. रबर वापरले नाही तरी जुने होते. ऑक्सिजन आणि उष्णता यांमुळे ते आतून कडक होत जाते, तर ऊन आणि ओझोन यांमुळे बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. रबरात मिसळलेले मेण चाक फिरताना पृष्ठभागावर येत राहते आणि ओझोनला अडवते; गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे संरक्षण कमी होते. म्हणूनच नाशिकमध्ये आवारात उन्हात उभी असणारी आणि अधूनमधून त्र्यंबकेश्वर किंवा सप्तशृंगगडापुरतीच बाहेर निघणारी गाडी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक फसवी ठरते, कारण तिच्या टायरची नक्षी शाबूत दिसते आणि मालक निर्धास्त राहतो.

टायर सातपूरच्या कारखान्यात बनलेला असो की परदेशातून आलेला, त्याच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी खूण असल्यास तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जून महिना. हे अंक बहुधा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली असेल, तर पुढची चाके पूर्ण वळवून, बॅटरीच्या उजेडात, वाकूनच ते वाचावे लागतात. नवा टायर घेताना ते दुकानातच वाचून घ्यावेत.

अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला देतात. टायर उत्पादक साधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करण्यास आणि दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, दिसायला चांगला असला तरी, टायर काढून टाकण्यास सांगतात. नाशिकचा कडक उन्हाळा पाहता सहा वर्षांची मर्यादा पाळणे शहाणपणाचे आहे.

झिजेची कायदेशीर मर्यादा वेगळी आहे. मोटारीसाठी नक्षीची खोली किमान १.६ मिमी असावी लागते आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली, असे समजावे. मात्र इगतपुरी आणि कसारा घाटातल्या पावसात रस्त्यावरचे पाणी या खाचांनीच बाजूला सारायचे असते. तेथे नियमित जाणाऱ्याने नक्षी ३ मिमी उरली असतानाच टायर बदललेले बरे. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवावेत. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून नवे पुढे, हा समज रूढ असला तरी ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी सावरणे फार कठीण जाते.

देखभालीत हवेचा दाब सर्वांत महत्त्वाचा. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्याने उष्णता साठते आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० किमीच्या वेगाने सलग धावताना टायर फुटण्याचा धोका वाढतो. तापमान ३० अंशांनी उतरले तर दाब सुमारे ४ ते ५ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) घटतो, त्यामुळे मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या गारठ्यात पुरत नाही. दाब महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावा. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरनंतर पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल करावी आणि त्याच वेळी अलाइनमेंटही (चाकांची दिशा आणि कोन) तपासून घ्यावी.

टायरच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. असा टायर वय कितीही असो, लगेच बदलावा. भिंतीतले पंक्चरही काढून घेऊ नये.

स्टेपनीचे वयही याच चार अंकांवरून मोजतात. डिकीत एकदाही न वापरलेली आठ वर्षांची स्टेपनी नवी दिसते, पण ती घाटात बसवावी लागली तर कमी वेगाने जवळच्या दुकानापर्यंतच न्यावी.