हेलिकॉप्टरचं दुखणं आणि त्याचं वय

परभणीला बहिणीच्या घरी भाच्याच्या वाढदिवसाला वीतभर हेलिकॉप्टर आलं होतं. दुपारी गच्चीवर ते काही केल्या उडेना. चार्जिंग पूर्ण, पंखे फिरताहेत, पण दोन हात लांब गेलं की रिमोटचं ऐकत नाही आणि धपकन खाली येतं. दुकानात परत न्यायचं ठरलं. रात्री तेच हेलिकॉप्टर घरातल्या बैठकीत छताला जाऊन टेकलं. बिघाड काहीच नव्हता. त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांवर चालणारा, आणि मे महिन्यातलं आपलं ऊन म्हणजे त्याच किरणांचा पूर. त्या पुरात रिमोटचा इवला दिवा हेलिकॉप्टरला दिसणार कसा?

तेव्हापासून कुणी बंद पडलेलं हेलिकॉप्टर घेऊन आलं की मी स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी त्याचं वय विचारतो. विकत घेतल्याची तारीख नव्हे, त्यातलं तंत्र कोणत्या दशकातलं आहे ते. रिमोटवरच्या हेलिकॉप्टरचा इतिहास हा बराचसा त्याच्या दुखण्यांचा इतिहास आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी एकेक दुखणं बरं झालं आणि त्याच्या जागी नवं आलं.

विमानाचं मॉडेल हात सोडला तरी थोडा वेळ आपलं आपण तरंगतं. हेलिकॉप्टरला ती सवलत नाही. वरचा पंखा एका दिशेला फिरला की खालचं धड उलट्या दिशेला फिरू पाहतं. ते थोपवायला शेपटीचा छोटा पंखा लागतो. शिवाय वरचा पंखा जरा कलला की सगळं यंत्र त्या बाजूला घसरत जातं आणि घसरण वाढतच राहते. ही दुसरी अडचण आधी सुटली, आणि तीही मॉडेलवरच. अमेरिकेत आर्थर यंग यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या कोठारात विजेच्या मोटरवर चालणारी छोटी हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं उडवली आणि पाडली. पात्यांना काटकोनात, टोकांना वजनं असलेला एक दांडा बसवला की तो भोवऱ्यासारखा आपली पातळी सोडत नाही आणि पात्यांनाही सावरतो, हे त्यांना तिथे गवसलं. १९४१ मध्ये ते बेल कंपनीत गेले. त्याच दांड्याचं बेल ४७ हे नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं, साल १९४६. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या स्टॅन्ले हिलर यांनी दांड्याच्या टोकांना वजनांऐवजी छोटे पंख लावले. छंदवाल्यांनी पुढे दोन्ही कल्पना एकत्र केल्या. जुन्या मॉडेलांवर आडवा दांडा आणि टोकांना चपट्या वल्ह्यांसारखे तुकडे दिसतात, तो हा फ्लायबार. मोठ्या हेलिकॉप्टरची नक्कल म्हणजे मॉडेल, असं लोक धरून चालतात. इथे गंगा उलटी वाहिली.

रिमोटवर नीट उडणारं मॉडेल यायला मात्र आणखी पंचवीसेक वर्षं गेली. जर्मन अभियंता डीटर श्ल्यूटर यांनी १९७० मध्ये आपलं ह्यूई कोब्रा मॉडेल जवळपास २८ मिनिटं हवेत ठेवलं आणि साडेअकरा किलोमीटर अंतर कापलं. त्याचं किट बाजारात आलं आणि छंद सुरू झाला. पण कसा छंद! ना गायरो, म्हणजे यंत्र वळल्याचं ओळखून त्याला सावरणारा भाग, ना संगणक. शेपटी सरळ ठेवायची ती अंगठ्याने, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेला. सुरुवातीच्या पुष्कळ मॉडेलांत पात्यांचा कोन पक्का असे, त्यामुळे वर-खाली जायला इंजिनाचा वेग कमी-जास्त करावा लागे, आणि इंजिन अर्धा सेकंद उशिरा ऐके. तो अर्धा सेकंद फार महाग पडायचा. इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. त्या काळात आमच्याकडे साध्या मोपेडला तेल-पेट्रोलचं मिश्रण मारून घेताना चार शिव्या बसायच्या, तिथे हे कोण आणून देणार? मराठवाड्यात उडणारं मॉडेल दिसलंच तर ते एनसीसीच्या एअर विंगचं: दोरीला बांधून गोल गोल फिरणारं विमान. हेलिकॉप्टर म्हटलं की निवडणुकीच्या सभेला उतरणारं, किंवा कर्णपुऱ्याच्या यात्रेत दोरी ओढून उडवायची प्लास्टिकची चक्री.

शेपटीचं दुखणं गायरोने बरं केलं, तेही टप्प्याटप्प्याने. आधीच्या गायरोत खरोखरचं चाक फिरायचं. नव्वदच्या दशकात फिरत्या चाकाची जागा स्फटिकाच्या कंपनावर चालणाऱ्या गायरोने घेतली, आणि मग दिशा धरून ठेवणारा गायरो आला. शेपटी वाऱ्याने ढकलली तर जुना गायरो ती फक्त थांबवायचा. हा तिला मूळ जागी परत आणतो. फुटाबा कंपनीचा जीवाय ४०१ हा त्यातला बहुतेकांच्या हाताखालून गेलेला. शेपटी कुत्र्यासारखी डावी-उजवी हलत असेल तर गायरोची संवेदनशीलता, म्हणजे गेन, जास्त आहे; हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर गेन कमी आहे किंवा शेपटीच्या पात्यांची सरकपट्टी अडकते आहे. हे निदान आजही तसंच लागू पडतं. उडवण्याआधी शेपटी हाताने हलवून गायरो विरुद्ध बाजूलाच जोर देतो ना, एवढं पाहायचं. तो उलटा बसवलेला असेल तर हेलिकॉप्टर जमीन सोडताच गरगरत सुटतं आणि पाती, शाफ्ट, गिअर असा पगारातला हिस्सा दोन सेकंदांत जातो. माझा गेलाय.

२००० नंतर तीन गोष्टी जवळजवळ एकदम आल्या: ब्रशविरहित मोटर, लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि थोड्याच वर्षांत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. आधी दोघांच्या रिमोटात एकाच चॅनलचा क्रिस्टल, म्हणजे लहरींचा चॅनल ठरवणारा तुकडा, निघाला की एकाचं मॉडेल पडायचं. मैदानावर उडवण्याआधी चॅनल विचारून घ्यावा लागे. नव्या रेडिओने ती भीती संपवली. तैवानच्या अलाइन कंपनीचं टी-रेक्स ४५० याच काळातलं. आकार आणि किंमत दोन्ही आवाक्यात, आणि पडलं तर सुटे भाग मिळणारे. आपल्याकडे ज्यांनी हा छंद गंभीरपणे धरला, त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात या किंवा याची नक्कल असलेल्या यंत्रावर झाली. इंजिनाचा धूर गेला, पण नवं दुखणं आलं ते उन्हाचं. बंद गाडीत ठेवलेली लिपो बॅटरी एप्रिल-मेमध्ये फुगते. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, त्यावर चर्चा नको.

उन्हाचा दुसरा फटका कुणी फारसा सांगत नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच. पारा ४० वर गेला की तिथली हवा समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. पात्यांना धरायला हवाच कमी, त्यामुळे तेवढंच वजन उचलायला कोन किंवा फेरे वाढवावे लागतात आणि बॅटरी लवकर बसते. जानेवारीत पाच मिनिटांवर लावलेला उड्डाणाचा टायमर मेमध्ये चारवर आणावा लागतो. ‘मोटर कमजोर झाली’ म्हणून नवी मागवलेले दोघेजण मला माहीत आहेत.

मराठवाड्यात घरोघरी हेलिकॉप्टर नेलं ते मात्र वर सांगितलेल्या वीतभर खेळण्याने. एकावर एक दोन पंखे, उलट दिशांना फिरणारे. त्यामुळे धड गरगरत नाही आणि शेपटीचा पंखा फक्त पुढे-मागे जायला. सिमा कंपनीचं एस१०७ हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. पोरासोरांच्या हातात टिकणारं, पण वारा अजिबात न सोसणारं. ते एकाच बाजूला फिरत राहिलं आणि ट्रिमने, म्हणजे रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीच्या बटणाने, सरळ होईना, तर दोनपैकी एका मोटरचे ब्रश झिजलेत किंवा फ्लायबारची काडी निसटली आहे, असं समजावं. म्हणजे जगाने पन्नास वर्षांत क्रमाने चढलेल्या पायऱ्या आपण भलत्याच क्रमाने चढलो. आधी दिवाणखान्यातलं खेळणं, मग टी-रेक्स, आणि ते नीट शिकेपर्यंत ड्रोन दारात.

फ्लायबारही गेला. २०१० च्या आसपास तीन अक्षांचे संवेदक आणि छोटा संगणक दांड्याचं काम करू लागले. यंत्र हलकं आणि चपळ झालं, पण आता थरथर हा शत्रू ठरला. आधी पाती एका रेषेत फिरत नसली तर ते डोळ्यांना दिसायचं आणि दांडा थोडंफार पोटात घालायचा. आता तीच थरथर संवेदकाला फसवते आणि हेलिकॉप्टर कारण नसताना उडी मारतं. सेटिंगमध्ये तासन्‌तास बोटं घालण्याआधी पाती धरणारा आडवा शाफ्ट काढून काचेवर लोळवून पाहा. मागच्या पडण्यात तो केसभर वाकलेला असतो, दहांतल्या सात वेळा तरी.

हाच छोटा संगणक ड्रोनचा बाप. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीचे फ्रँक वांग हाँगकाँगमध्ये शिकताना हेलिकॉप्टरला स्थिर करणारा नियंत्रक बनवत होते. २००६ मध्ये कंपनी निघाली तीही त्याच्याच जोरावर. त्यांचा चार पंख्यांचा फँटम ड्रोन २०१३ चा. शेतीचा धागा तर आणखी जुना. जपानच्या यामाहाने आर-५० हे २० किलो भार नेणारं फवारणीचं बिनमाणशी हेलिकॉप्टर १९८७ मध्येच तयार केलं होतं, भातशेतीसाठी.

आपल्याकडे मधली काही वर्षं सगळंच अधांतरी होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी उड्डाण महासंचालनालयाने नियम होईपर्यंत बिनमाणशी यंत्रं उडवायला बंदी घातली, २०१८ च्या डिसेंबरात पहिली नियमावली लागू झाली, आणि ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सैल केली. त्यात हेलिकॉप्टरही ‘रोटरक्राफ्ट’ म्हणून मोडतं. दोन किलोपर्यंतचं मॉडेल हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. डोळ्यांसमोर ठेवायचं आणि जागा सरकारच्या ड्रोन नकाशात हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, भागात आहे ना ते आधी बघायचं. चिकलठाणा विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही.

मागच्या खरिपात परभणीजवळ सोयाबीनवर फवारणी करायला ड्रोन आला होता. बांधावर पोरांची ही गर्दी. चालवणाऱ्या मुलाने ड्रोन सपाट जागी ठेवला, बॅटरी जोडली आणि ओरडला, “कुणी हात लावू नका, हलवू नका, जरा थांबा!” गर्दीला वाटलं स्फोट होतो की काय. मी मात्र मनातल्या मनात आकडे मोजत होतो. गायरोला आपलं स्थिर म्हणजे काय ते ठरवायला तेवढे सेकंद लागतात, माझ्या जुन्या टी-रेक्स ४५० लाही लागायचे.