गढूळ पाणी, शेवग्याचं बी आणि जंतू

पहिला दणकून पाऊस झाला की गिरणा नदीला चहाच्या रंगाचं पाणी येतं. खानदेशात अशा वेळी हंड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका हेच काम शेवग्याच्या बियांनी करत आल्या आहेत. आणि शेवगा तर आपल्या बांधावरच उभा!

झाडावरच वाळून तडकलेली शेंग घ्या. आतल्या तपकिरी बीला कागदासारखे तीन पंख असतात. टरफल नखानं सोललं की पांढरा गर निघतो. त्यात तेल भरपूर, प्रथिनंही भरपूर. त्यातलं एक छोटं प्रथिन धनभारित असतं. मातीचे बारीक कण ऋणभारित, म्हणून ते त्याला चिकटतात, गोळा होतात, तळाशी बसतात. गंमत म्हणजे जिवाणूंचं बाहेरचं आवरणही ऋणभारितच. ई. कोलाय या जिवाणूवर हे प्रथिन बसलं, की त्याच्या आवरणाचे पापुद्रे एकमेकांत मिसळतात आणि जिवाणू मरतो, असं 2015च्या एका अभ्यासात दिसलं.

बी ओल्या मातीत पडून असतं, पोटात अन्नाचा साठा घेऊन. भोवती जंतूच जंतू. राखण नको? गव्हातही असं एक प्रथिन आहे, प्युरोथायोनिन. 1942 मध्ये त्याचे स्फटिक मिळवले गेले. अशी बरीच प्रथिनं गंधकाच्या टाक्यांनी घट्ट शिवलेली असतात, त्यामुळे उष्णतेलाही सहजी दाद देत नाहीत.

प्रयोगशाळेत तेल काढलेली पेंड मिठाच्या पाण्यात घोटतात, गाळतात, अमोनियम सल्फेट टाकून प्रथिनं तळाशी आणतात. मग जिवाणू पसरलेल्या बशीत त्याचा थेंब सोडायचा. थेंबाभोवती स्वच्छ कडं उमटलं, म्हणजे तिथले जिवाणू वाढले नाहीत, की बातमी होते, ‘औषध सापडलं’. मला हा उतावळेपणा पटत नाही. गिळलेलं प्रथिन बहुधा पोटात पचून जातं. शिवाय एरंडीतलं रायसिनही बियांतलं प्रथिनच आहे, आणि ते जहाल विष आहे.

पाण्यातही एक अडचण आहेच. बियांची पूड थेट टाकली तर गराचा उरलेला अंश पाण्यात राहतो, आणि एक-दोन दिवसांत जंतू त्याच्यावरच पुन्हा पोसतात. त्यामुळे निवळलेलं पाणीही उकळूनच प्यायचं. संशोधकांनी यावर वाळूचा उपाय काढला. वाळूही ऋणभारित, त्यामुळे अर्क ओतला की प्रथिन कणांना धरून बसतं, बाकीचं धुऊन जातं. मग गढूळ पाणी त्या वाळूतून सोडायचं.