डीएसपीच्या सूत्रांमागचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंकीय संकेत प्रक्रिया (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडची डीएसपी, शिकवताना फळ्यावर सूत्र आधी येते. ते कोणत्या गरजेतून निघाले हे पुष्कळदा राहूनच जाते. वास्तविक या विषयाची गणिती बैठक संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. गुंतागुंतीचा संकेत साध्या लहरींच्या बेरजेने मांडण्याची जोसेफ फूरिए यांची पद्धत 1822 च्या ग्रंथात आली, आणि त्या ग्रंथाचा विषय आवाज नव्हे, उष्णतेचे वहन हा होता.

आवाजाचे आकडे करण्याची निकड टेलिफोनमुळे निर्माण झाली. हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये तारायंत्राच्या संदर्भात मांडलेला आणि क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये सिद्धतेसह पक्का केलेला नियम असा, की संकेतातील कमाल वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने (ठराविक अंतराने मोजलेली मूल्ये) दर सेकंदाला घेतले, तर मूळ संकेत पुन्हा उभा करता येतो. टेलिफोनवरील बोलणे सुमारे 3400 हर्ट्झपर्यंतच ठेवलेले असल्यामुळे सेकंदाला 8000 नमुने पुरेसे ठरले. मात्र याच दराने 5000 हर्ट्झचा स्वर टिपला, तर तो 3000 हर्ट्झचा होऊन बसतो. म्हणून नमुने घेण्याआधीच असे उंच स्वर अडवणारा फिल्टर लावावा लागतो. ही अट परीक्षेत पाठ म्हणता येते, पण उमगते ती असा तोतया स्वर एकदा कानांनी ऐकल्यावरच.

खरी अडचण हिशेबाच्या वेळाची होती. 1024 नमुन्यांचे फूरिए रूपांतर, म्हणजे त्यांत कोणत्या वारंवारता किती आहेत याचा हिशेब, सरळ मार्गाने केल्यास दहा लाखांवर गुणाकार होतात. जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांच्या 1965 च्या रीतीने, म्हणजे आजच्या एफएफटीने (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म), ते काही हजारांवर आले. या कामाला चालना मिळाली ती भूमिगत अणुचाचण्या भूकंपलेखांतून ओळखण्याच्या गरजेने. गंमत म्हणजे लघुग्रहांच्या कक्षा मोजताना गाउस यांनी 1805 च्या सुमारासच हीच युक्ती वापरली होती. ती त्यांच्या कागदांत पडून राहिली.

यावलकडे केळीच्या बागेलगत एखाद्या आजीची अहिराणी ओवी मोबाइलवर टिपली आणि तिचे एफएफटी काढले, तर विहिरीवरच्या मोटरची घरघर 100 हर्ट्झपाशी उंच रेघ होऊन दिसते. वीज 50 हर्ट्झची असली, तरी चुंबकीय ओढ एका आवर्तनात दोनदा येते. ही रेघ खोडणारा नॉच फिल्टर प्रत्येक नमुन्यामागे जेमतेम पाच गुणाकार मागतो.