नाचणीची लाल साल आणि तिच्यातली पॉलिफेनॉल्स

नाचणी म्हणजेच नाशिककडची नागली आणि कर्नाटकातली रागी. तिच्या दाण्याचा जो लालसर तपकिरी रंग असतो तो सालीतल्या तुरट टॅनिनमुळे आणि बाकीच्या पॉलिफेनॉल्स नावाच्या वनस्पतिद्रव्यांमुळे येतो, आणि पांढऱ्या नाचणीत ही द्रव्यं बरीच कमी असतात. झाड ती बनवतं स्वतःच्या बचावासाठी, बुरशी आणि कीड लांब ठेवायला, आणि नाचणी कणगीत वर्षानुवर्षं टिकते त्यात या सालीचाही वाटा आहे.

वरईची फोलपटं काढून, पॉलिश करून मग ती खातात, तसं नाचणीचं सहज होत नाही कारण साल आतल्या मऊ पिठाला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे घरच्या गिरणीतलं पीठ आपोआप सालीसकटच येतं. हीच मोठी जमेची बाजू आहे. सालीत पॉलिफेनॉल्सच्याच कुळातलं फेरुलिक अॅसिड असतं, ते बहुतेक तंतूंना (फायबरला) बांधलेलं असल्यामुळे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात. शिवाय कॅटेचिन नावाचं पॉलिफेनॉल असतं, चहात असतं तेच.

आता नाचणीने डायबेटिस आटोक्यात राहतो असं म्हणतात, त्याबद्दल. पिठूळ पदार्थांची साखर करणारे जे एन्झाइम्स आपल्या पोटात असतात त्यांना ही पॉलिफेनॉल्स अडवतात असं लॅबमध्ये दिसलंय, पण लॅबमधली परीक्षानळी वेगळी आणि माणसाचं पोट वेगळं. बारीक पिठाची पातळ लापशी खाल्ली तर रक्तातली साखर चांगलीच वाढू शकते, म्हणून नाचणी सुरू केली आणि गोळी बंद केली असं कृपा करून कोणी करू नका.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट, पण त्याच दाण्यातलं फायटिक अॅसिड कॅल्शियम, लोह आणि झिंक बांधून ठेवतं आणि टॅनिनही लोह शोषू देत नाही, म्हणजे आकडा आहे तेवढं सगळं अंगी लागत नाही. मोड आणले की दाण्यातलं फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि फायटिक अॅसिड कमी होतं, पीठ रात्रभर ताकात भिजवून केलेल्या आंबिलीतही आंबण्यामुळे हेच घडतं. जोडीला लिंबू पिळलं तर लोह शोषायला मदत होते.

सत्त्वात नाचणीतलं सगळं चांगलं उतरतं असा मात्र बऱ्याच घरांत गैरसमज आहे. मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतात आणि चोथा टाकतात, पण पॉलिफेनॉल्स आणि तंतू मुख्यतः त्या चोथ्यातच असतात! बाळाला सत्त्वच बरं, पचायला हलकं आणि फायटिक अॅसिड कमी. मोठ्या माणसांनी मात्र सालीसाठी नाचणी खायची असेल तर भाकरी खावी, आणि दुकानातलं गोरंपान पीठ चाळलेलं किंवा पांढऱ्या नाचणीचं असू शकतं हे लक्षात ठेवावं.

सगळीच वनस्पतिद्रव्यं सरसकट चांगली असंही नाही. बाजरीतली काही फ्लेव्होन्स, म्हणजे पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार, थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, आणि सुदानच्या दारफुर भागात, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न होतं, तिथल्या गलगंडाशी संशोधकांनी त्यांचा संबंध जोडला. आपल्याकडे आयोडिनचं मीठ आणि सोबत ज्वारी, गहू, तांदूळ असं मिसळून खाणाऱ्यांना एवढी चिंता नाही, पण थायरॉइड असेल आणि रोज दोन्ही वेळा फक्त बाजरीच खात असाल तर डॉक्टरांना सांगून ठेवा.