ई-कचरा: नोंदणी नेमकी कोणाला लागते?

ई-कचऱ्याच्या कामात उतरू पाहणारे बरेच जण थेट 'लायसन कसं काढायचं' इथून सुरुवात करतात. आधी ते आपल्याला लागतं का, हे बघा.

१ एप्रिल २०२३ पासून 'ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२' लागू आहेत. त्यानुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीचे गट चारच: मॅन्युफॅक्चरर (वस्तू बनवणारा), प्रोड्युसर (याचा अर्थ खाली), रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) आणि रिसायकलर (ई-कचऱ्यावर प्रक्रिया करून त्यातले पदार्थ परत मिळवणारा). 'संकलन केंद्र' असा वेगळा गट यात नाही, त्यामुळे त्या नावाचं केंद्रीय लायसन काढून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा. जमवलेला माल मात्र नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडेच जायला हवा.

गोंधळ होतो तो प्रोड्युसर या शब्दाचा. कारखाना दुसऱ्याचा असला तरी वस्तू तुमच्या ब्रँडने विकली जात असेल, किंवा तुम्ही ती आयात करून विकत असाल, तर प्रोड्युसर तुम्हीच. ऑनलाइन विक्रीलाही सूट नाही. एकाच संस्थेची दोन कामं असतील तर नोंदणीही दोन.

रिसायकलरचा अर्ज अडतो तो बहुधा कागदांवर. राज्य मंडळाचं जल व वायू कायद्यांखालचं संमतीपत्र आधी हातात हवं. सोबत पॅन, जीएसटी, कंपनी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक, आणि यंत्रसामग्री व क्षमतेचा तपशील. संमतीपत्रातली क्षमता एक आणि अर्जातली दुसरी, असं होऊ देऊ नका. नाव-पत्ताही सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. खोटी माहिती आढळली तर सुनावणी घेऊन नोंदणी ३ वर्षांपर्यंत रद्द होऊ शकते, वर पर्यावरण भरपाई, म्हणजे नियम मोडल्याबद्दल भरायची रक्कम, वेगळीच.

नोंदणी झाली की तिमाही आणि वार्षिक विवरणपत्रं आलीच. माल साठवायची मुदत साधारण १८० दिवसांची.

घरगुती ग्राहकाला यातलं काहीही लागत नाही. ज्या कार्यालयात वर्षभरात कधीही या नियमांना जोडलेल्या यादीतली किमान १,००० उपकरणं वापरात होती, ते 'बल्क कन्झ्युमर' ठरतं. त्याने जुने संगणक लिलावात भंगारवाल्याला देऊन चालत नाही. घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर पडताळा. सुट्या बॅटऱ्या मात्र या ढिगात टाकू नका, त्यांचे नियम वेगळे आहेत.