पुर्किंजे पेशी आणि स्वमग्नता

पुर्किंजे पेशी या लहान मेंदूच्या (अनुमस्तिष्काच्या) बाह्यकातील (बाहेरच्या थरातील) मोठ्या चेतापेशी होत. चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी १८३७ मध्ये त्यांचे वर्णन केले. स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली असता या पेशी कमी असल्याचे अनेकदा दिसले, म्हणून ऑटिझमच्या चर्चेत त्यांचे नाव सतत येते.

लहान मेंदू वजनाने एकूण मेंदूच्या सुमारे एक दशांश, पण मेंदूतील जवळजवळ चार पंचमांश चेतापेशी त्यातच असतात. पुर्किंजे पेशी एका ओळीत बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या वृक्षिकांचा (संदेश घेणाऱ्या फांद्यांचा) पसारा वहीत दाबून ठेवलेल्या पिंपळपानाच्या जाळीसारखा सपाट असतो आणि त्यावर लाखाच्या घरात सिनॅप्स (इतर चेतापेशींशी असलेले जोड) असतात. बाह्यकातून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश या पेशींमार्फतच जातो, आणि तो गॅबा या रसायनाद्वारे पुढच्या पेशींना आवर घालणारा असतो. त्यामुळे त्यांची संख्या घटली की नेमका हा आवरच सैल होतो.

मार्गारेट बाउमन आणि थॉमस केम्पर यांनी १९८५ मध्ये एका २९ वर्षांच्या स्वमग्न पुरुषाच्या मेंदूत ही घट नोंदवली. पुर्किंजे पेशी नष्ट झाल्या की त्यांच्याशी जोडलेल्या, मस्तिष्कपुच्छातील (मेंदूच्या तळाच्या भागातील) ऑलिव्ह केंद्रक या पेशीसमूहातील पेशीही सहसा मरतात. येथे मात्र त्या शाबूत होत्या. म्हणजे दोहोंची जोडणी पक्की होण्याआधी, गर्भावस्थेतच हे घडले असावे, असा तर्क त्यांनी मांडला. तर्क देखणा होता, पण टिकला नाही. २००९ मध्ये याच गटाच्या अभ्यासात पुर्किंजे पेशींभोवती वसणाऱ्या बास्केट पेशी, म्हणजे त्यांच्याशी जोडलेल्या छोट्या चेतापेशी, पुरेशा संख्येने आढळल्या. तेव्हा पुर्किंजे पेशी आधी तयार झाल्या आणि नंतर गळाल्या, असे मत पुढे आले.

आक्षेप आणखीही आहेत. तपासलेले मेंदू मोजकेच होते आणि सगळ्यांत घट आढळली नाही. शिवाय अनेक स्वमग्न व्यक्तींना अपस्मारही असतो. दीर्घकाळचे झटके आणि फेनिटॉइनसारखी झटक्यांवरची औषधे यांनीही या पेशींची हानी होऊ शकते. दुसऱ्या बाजूला, २०१२ मध्ये उंदरांच्या फक्त पुर्किंजे पेशींतून टीएससी-१ हे जनुक काढले, तेव्हा त्यांचे इतर उंदरांशी मिसळणे कमी झाले आणि ठरावीक हालचालींची पुनरावृत्ती वाढली. माणसात या जनुकातील दोषामुळे ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आनुवंशिक विकार होतो, आणि त्या रुग्णांत ऑटिझमचे प्रमाण बरेच जास्त असते. तरीही उंदरावरून थेट माणसाचे अनुमान काढणे घाईचे ठरेल.

पालक अनेकदा ‘एमआरआयमध्ये ऑटिझम दिसेल का?’ असे विचारतात. दिसत नाही. पुर्किंजे पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच मोजता येतात, आणि ऑटिझमचे निदान वर्तन व विकासाच्या निरीक्षणावरून होते. भारतात अपंगत्व प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘इसा’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही ४० मुद्द्यांची मापनश्रेणीही वर्तनावरच आधारलेली आहे. झटके येत असतील किंवा ट्यूबरस स्क्लेरोसिसची शंका असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतात.